नकटी



रविवारच्या मिस्सेत अर्पणाची पिशवी फिरवायचे काम माझ्याकडे आहे. गेल्या दीड वर्षात पिशवीत पैसे टाकताना बऱ्याच जणांची नजर माझ्या नखांवर गेली. साबण, लिंबू, रॉकेल, सगळे करून झाले, तरी ती काळीच. एका मावशींनी तर मिस्सा संपल्यावर मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "घरी सगळं ठीक आहे ना? पेन्शन वेळेवर मिळते ना?" त्यांना वाटले, मी या वयात कुठल्याशा गॅरेजात कामाला लागलो. तेव्हा एकदा सांगूनच टाकावे म्हणून हे लिहितो. यातली एक गोष्ट सांगायची मला लाज वाटते. पण ती गाळली तर बाकीचे सांगण्यात काही अर्थ नाही.

आमच्या घरामागे फणसाच्या झाडाखाली पप्पांची गाडी उभी आहे. महिंद्रा एफसी १५०, १९६८ सालची. एफसी म्हणजे फॉरवर्ड कंट्रोल. साध्या जीपला पुढे लांब नाक असते आणि त्याखाली इंजिन. या गाडीला नाकच नाही. चालक जवळजवळ पुढच्या चाकांवर बसतो आणि इंजिन त्याच्या शेजारी, केबिनच्या मधोमध, एका लोखंडी झाकणाखाली. अमेरिकेत विलीज कंपनीने १९५६ च्या अखेरीस ही गाडी बाजारात आणली. तिचा चेहरा ब्रुक्स स्टीव्हन्स या डिझायनरने काढलेला. युक्ती अशी, की पुढच्या आणि मागच्या चाकांमधले अंतर जीपएवढेच, ८१ इंच, पण नाक कापल्यामुळे मागे सहा फुटांहून लांब हौदा मिळतो. महिंद्रा १९४९ पासून मुंबईत माझगावला जीप जोडत होतेच. १९६५ पासून त्यांनी हलकी मालवाहू वाहनेही काढायला सुरुवात केली, त्यांतली ही एक.

आमच्या घरात मात्र तिला एफसी कुणी म्हटले नाही. नाक नाही म्हणून ती नकटी. घाटात बंद पडली की पप्पा खाली उतरायचे, कमरेवर हात ठेवायचे आणि म्हणायचे, "नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं." मग हसत हसत झाकण उघडायचे.

पप्पांनी ती १९७४ मध्ये जुनीच घेतली. बेळगावची भाजी गोव्याला जाते, आजही रोज जाते. पप्पा मध्यरात्रीनंतर मार्केटमधून कोबी, फ्लॉवर, गाजर भरायचे आणि अनमोड घाट उतरून फोंड्याला, मडगावला पोहोचवायचे. शाळेला सुट्टी असली की आम्हा दोघा भावांपैकी एकाला बरोबर नेत. मी बारा वर्षांचा, धाकटा आठचा. भांडण एकाच गोष्टीवरून, इंजिनाच्या झाकणावर कोण बसणार. त्यावर जुने गोणपाट टाकलेले असायचे आणि डिसेंबरच्या थंडीत रामनगरच्या जंगलातून जाताना त्यासारखी ऊबदार जागा जगात दुसरी नव्हती. काचेवर पत्र्याच्या कपाळपट्टीला पप्पांनी पेंटरकडून लिहून घेतले होते, "संत अंतोनी". हरवलेल्या वस्तू शोधून देणारा संत. पप्पांचा पाना रोज हरवायचा, म्हणून असेल.

पुढे डिझेलच्या गाड्या आल्या. नकटी पेट्रोलवर चालणारी. त्याच फेरीला तिचा खर्च इतका व्हायचा, की भाड्यातून हाती काही उरेना. १९९६ मध्ये पप्पांनी तिला फणसाखाली लावले. विकली मात्र नाही.

२०१२ मध्ये पप्पा प्रभूकडे गेले. २०१४ मध्ये वाटणी झाली. चार नातेवाईक मध्ये बसलेले, वहीत एकेक वस्तू लिहिली जात होती. आईची पेटी, विहीर, घराचा पुढचा भाग कुणाचा, मागचा कुणाचा. गाडीवर आल्यावर भंगारवाल्याला बोलावले. त्याने झाकण उघडले आणि म्हणाला, "साहेब, याचा कार्ब्युरेटरच नाही. मग आणखी काय काय नसेल?" आणि किंमत एकदम खाली आणली. धाकट्याला त्या दिवसांत पैशांची ओढ होती, सगळ्यांना माहीत होते. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "विचारायला कशाला हवं? यानंच काढून विकला असणार. पप्पा आजारी असताना घरात हाच होता."

तो काही बोलला नाही. उठला, चपला घातल्या आणि गेला. माझी भावजय दारात उभी राहून रडत होती. मी गप्प राहण्याचा अर्थ कबुली असा लावला. आमच्या घरात मग ही गोष्ट ठरूनच गेली. लग्नकार्यात कुणी विचारले, की भावाभावांत काय झाले, तर "कार्ब्युरेटर" एवढे सांगितले की पुरे व्हायचे.

गाडी काही विकली गेली नाही, कारण कागद पप्पांच्या नावावर आणि दोघांच्या सह्या लागणार. अंगणात भिंत मात्र उठली. नकटी माझ्या बाजूला राहिली, पण रस्त्यावर उघडणारे मोठे फाटक त्याच्या बाजूला गेले. गवंड्याने थापी हातात धरून विचारले होते, "गाडी काढायची नाही न्हवं कधी?" आम्ही दोघांनी एकाच वेळी "नाही" म्हटले. त्यानंतर नऊ वर्षे आमचे कशावरही एकमत झाले नाही, कारण आम्ही बोललोच नाही. तो साडेसहाच्या मिस्सेला जाऊ लागला आणि मी साडेआठच्या. त्यामुळे एकमेकांना शांती देण्याची वेळ यायचा प्रश्नच उरला नाही. आपल्यातल्या काहींनी हे पाहिले असेल. बोलून कुणी दाखवले नाही, हा आपला चांगुलपणा.

आता मुख्य कामाकडे येतो.

मी जन्मभर शाळेच्या ऑफिसात कारकुनी केली. पाना धरण्याची मला सवय नाही. २०२२ मध्ये निवृत्त झालो आणि दुपारच्या वेळी फणसाखाली खुर्ची टाकून बसू लागलो. समोर नकटी. एक दिवस खानापूरचा एक मुलगा, वय असेल सत्तावीस, रस्त्यावरून जाताना भिंतीवरून दिसणारी ती कपाळपट्टी पाहून थांबला. त्याच्याकडे महिंद्राची एमएम ५४० आहे. "काका, एफसी आहे ही! आत येऊन बघू का?" असे म्हणत तो आला आणि अर्धा तास गाडीखाली झोपून राहिला. बाहेर आला तो माती झटकत म्हणाला, "चेसिस चांगली आहे. तुम्ही काढायची म्हटलंत तर आम्ही येऊ."

हे "आम्ही" कोण, ते पुढच्या शनिवारी कळले. एक डॉक्टर, ज्यांच्याकडे जुनी सीजे ३बी जीप आहे. ईएमईमधून निवृत्त झालेले एक सुभेदार. आणि पत्र्याचे काम करणारे एक चाचा, ज्यांना गाडीचा शौक नव्हता, पण डॉक्टरांच्या जीपचे सगळे वेल्डिंग त्यांनीच केलेले. या लोकांनी माझ्याकडून एक पैसा घेतला नाही. चहा, शनिवारी दुपारचे जेवण आणि वस्तूंची किंमत, एवढेच. मला सुरुवातीला फार अवघडल्यासारखे व्हायचे. दान देण्याची, पिशवी फिरवण्याची सवय असलेल्या माणसाला घेणे जड जाते. मी एकदा सुभेदारांना पाकीट द्यायला गेलो, तर ते म्हणाले, "ठेवा ते. आणि तेरा नंबरचा पाना द्या."

राखेच्या बुधवारी, २२ फेब्रुवारी २०२३ ला, आम्ही पहिला बोल्ट सैल केला. उपवासाच्या काळात दुसरे काही सोडण्याऐवजी हेच धरावे, असे मी मनाशी ठरवले होते. फादरांना सांगितले तर ते म्हणाले, "बोल्ट निघाला नाही तर शिव्या देऊ नका म्हणजे झालं." ते मला जमले नाही.

इंजिन जाम होते. सत्तावीस वर्षे न फिरलेले. खानापूरचा मुलगा जोर लावायला निघाला, तर सुभेदारांनी त्याचा हात धरला. चारही प्लग काढून प्रत्येक भोकात डिझेल आणि इंजिन ऑइल मिसळून थोडे थोडे ओतले आणि मला काम दिले, की रोज सकाळी पुढच्या पुलीच्या नटावर पाना लावून हलकेच दाबून बघायचे. हलले नाही तर सोडून द्यायचे. जोर करायचा नाही, रिंगा तुटतील. मी एकोणीस दिवस रोज दाबले. विसाव्या दिवशी नखभर हलले. मी अंगणात एकटाच ओरडलो. पलीकडे धाकट्याच्या घरात कुकरची शिट्टी वाजत होती, ती संपल्यावर एकदम शांत झाले, एवढे आठवते.

पेट्रोलची टाकी आतून गंजलेली. ती उतरवून तिच्यात व्हिनेगर भरून आठवडाभर ठेवले, मग आत नटबोल्ट आणि साखळीचा तुकडा टाकून दोघांनी दोन बाजूंनी धरून घुसळली. शेवटी खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने धुतली, नाहीतर आंबटपणा राहून पुन्हा गंज धरतो. घरभर लोणच्याच्या बरणीचा वास. ब्रेकचे चार चाकांतले सिलिंडर सगळे चिकटलेले. दोन वाचले, दोन बदलावे लागले.

केबिनचा तळ म्हणजे चाळण झाली होती. पाय ठेवला तर जमीन दिसे. माझे म्हणणे, सगळाच काढून नवा पत्रा टाकू, सुंदर दिसेल. चाचांनी माझ्याकडे पाहिले आणि हातोडीने तळावर ठोकत ठोकत गेले. जिथे बद्द आवाज आला तिथे खडूने खूण, जिथे खणखणीत आला तिथे सोडून दिले. मग म्हणाले, "चांगला पत्रा लागेल तिथपर्यंतच कापायचं. तुमच्या वडलांचे पाय ठेवलेला पत्रा आहे, तो कशाला फेकता?" सोळा गेजची सात ठिगळे लागली. ती झाकायलाही त्यांनी दिली नाहीत, फक्त घासून सपाट केली. आज ती ठिगळे मोजता येतात. रंगाचेही तेच. निळ्याखाली पप्पांचा हिरवा निघाला, त्याखाली कंपनीचा करडा. पुन्हा नवा रंग मारायचा की नाही यावर या चौघांत जो वाद झाला, तो मी पॅरिश कौन्सिलच्या मीटिंगमध्येही ऐकलेला नाही. शेवटी गंजाच्या जागी हिरवा, बाकी जसे आहे तसे, आणि संत अंतोनीला कुणी हात लावायचा नाही, एवढे ठरले.

इंजिन फिरू लागल्यावर दाब मोजला. तीन सिलिंडरांत शंभराच्या आसपास, दोन नंबरमध्ये चाळीस. हे हरिकेन इंजिन जरा वेगळे असते. आत हवा घेणारा व्हॉल्व्ह वर हेडमध्ये आणि धूर सोडणारा व्हॉल्व्ह बाजूला ब्लॉकमध्ये. ब्लॉकमधला जळतो. आमचाही जळलेला. डॉक्टरांच्या जीपमध्ये हेच इंजिन, त्यामुळे त्यांच्या कपाटात एक व्हॉल्व्ह जादा होता. तो औषधाच्या पिशवीत घालून घेऊन आले. उद्यमबागेतल्या एका माणसाने येऊन हातानेच सीट कापून दिली आणि मग बाकीचे घासायचे काम माझ्यावर आले. व्हॉल्व्हला रबरी चोखणी लावलेली काठी चिकटवायची, कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावायची आणि दोन तळहातांत काठी रवीसारखी घुसळायची. केबिनमध्ये गुडघ्यांवर बसून. कडेला सलग करडी रेघ उमटेपर्यंत. चार व्हॉल्व्हना मला नऊ संध्याकाळी लागल्या. इतका वेळ गुडघ्यांवर मी चर्चमध्येही कधी बसलेलो नाही.

राहिला कार्ब्युरेटर.

तसा नव्या बनावटीचा मिळतो. डॉक्टर म्हणाले, आधी जुना शोधू. खानापूरच्या मुलाने गाडीचा फोटो काढून ओळखीच्या जीपवाल्यांना पाठवला. कुणाकडे त्या काळातला असेल तर सांगा. तीन दिवसांनी त्याला कोल्हापूरहून फोन आला. बोलणारा म्हणाला, माझे वडील पूर्वी बेळगावात फिटर होते, आता माझ्याकडे असतात. कपाळावरचे "संत अंतोनी" बघून ते म्हणतात, ही गाडी मला माहीत आहे.

ऑगस्टच्या शेवटच्या शनिवारी आम्ही कोल्हापूरला गेलो. पंचाऐंशीच्या पुढचे गृहस्थ, कानाला कमी ऐकू येणारे. त्यांनी कॉटखालून बिस्किटांचा एक चौकोनी पत्र्याचा डबा ओढून काढला. आत ग्रीस लावून मेणकागदात गुंडाळलेला कार्ब्युरेटर. त्याला सुतळीने बांधलेला पुठ्ठ्याचा तुकडा, त्यावर पप्पांचे अक्षर: "नकटीचा. पैसे देऊन नेतो." खाली तारीख, नोव्हेंबर १९९६ ची.

फिटरकाका सांगत होते, "दुरुस्त करून ठेवला. दीडशे रुपये झालेले. दोन वेळा आले तुमचे वडील. मी म्हटलं न्या, पैसे नंतर द्या. नाही म्हणाले, उधारी ठेवत नाही. परत आले नाहीत. मग मी पण इकडं आलो. फेकवला नाही."

मी त्यांना दीडशे रुपये दिले. त्यांनी ते घेतले, याचे मला फार बरे वाटले.

परतीच्या वाटेवर खानापूरचा मुलगा आनंदाने काय काय बोलत होता. मला काही ऐकू येत नव्हते. मांडीवर डबा होता. निपाणीच्या आसपास मला उलटी होईल असे वाटून मी गाडी थांबवायला लावली.

आता लाजेची गोष्ट. तुम्हाला वाटेल, मी त्याच संध्याकाळी धाकट्याच्या दारात गेलो असेन. नाही गेलो. सात आठवडे गेलो नाही. डबा कपाटात, साड्यांच्या मागे ठेवला. स्वतःला सांगत राहिलो, आधी गाडी सुरू होऊ दे, मग चांगला प्रसंग पाहून बोलू. रविवारी पिशवी फिरवत होतो. आपला भाऊ आपल्यावर नाराज आहे हे वेदीपाशी आठवले तर अर्पण तिथेच ठेवून आधी त्याच्याकडे जावे, हे प्रभूचे सांगणे मी स्वतः लहान मुलांच्या वर्गात शिकवलेले आहे, फळ्यावर चित्र काढून. सात रविवार लोकांचे अर्पण मी माझ्या हातांनी वेदीपर्यंत नेले. प्रायश्चित्त संस्काराला गेलो, तेव्हा रागावणे, आळस, असले सगळे सांगितले, हे सोडून.

ऑक्टोबरमध्ये कार्ब्युरेटर बसवला. डिस्ट्रिब्युटर, नव्या वायरी, बॅटरी. ते चौघे त्या आठवड्यात येणार नव्हते आणि मला धीर नव्हता. पुस्तकात बघून एक नंबरचा पिस्टन वर आणला, तिथून १, ३, ४, २ या क्रमाने वायरी लावल्या आणि स्टार्टर मारला. फट्! कार्ब्युरेटरमधून ज्वाळ आली. पुन्हा मारला. पुन्हा फट्! कावळे उडाले. दुसऱ्या संध्याकाळी तेच, तिसऱ्या संध्याकाळी तेच. वायरी तपासल्या, क्रम बरोबर. प्लग नवे. कार्ब्युरेटरवर हात ठेवून बसलो आणि मनात आले, पप्पा रागावले आहेत.

चौथ्या संध्याकाळी असाच बार उडाला आणि भिंतीपलीकडून आवाज आला.

"एक आणि चार बदल. दोन आणि तीन बदल."

नऊ वर्षांनी ऐकलेला आवाज. जरा घोगरा झालेला. मी हललोच नाही.

"ऐकू येतंय काय? पिस्टन दोनदा वर येतोय. एकदा दाब घेऊन, एकदा धूर सोडायला. तू धुराच्या वेळेला वायरी लावलैस. उलट्या झाल्यात सगळ्या. चार दिवस ऐकायलोय मी."

मी थरथरत्या हातांनी वायरी बदलल्या. एक आणि चार. दोन आणि तीन. स्टार्टर मारला. दोन आचके दिले आणि नकटी सुरू झाली. एकसारखी नाही, खोकत खोकत, पण चालू. निळा धूर फणसात भरला. चारेक मिनिटे चालली असेल. तेवढ्या वेळात मला समजले, की आता बंद केली आणि आत गेलो, तर मी पुन्हा कधीच जाणार नाही.

कपाटातून डबा काढला आणि रस्त्याने वळसा घालून त्याच्या फाटकाशी गेलो. भावजयीने दार उघडले आणि काही न बोलता बाजूला झाली. तो मागच्या पायरीवर बसला होता, अजून भिंतीकडे तोंड करून. मी पुठ्ठ्याचा तुकडा त्याच्या हातात दिला. म्हणालो, "माझं चुकलं. तू विकला नव्हतास."

त्याने चष्मा कपाळावर सारून ते अक्षर वाचले. बराच वेळ वाचत राहिला, चार शब्द. मग म्हणाला, "मला माहीत आहे. पप्पांबरोबर द्यायला मीच गेलो होतो सायकलवरून. तू तेव्हा हुबळीला."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीस?"

"तू विचारलं कुठं दादा? तू तर सांगितलंस."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आजही नाही. भावजयीने चहा आणला. साखर कमी होती. मला मधुमेह झाल्याचे तिला कुठून तरी कळलेले होते. पप्पांकडे दीडशे रुपये नव्हते, ही गोष्ट मग त्याने मला सांगितली. त्या महिन्यात मी हुबळीहून घरी पैसे पाठवले नव्हते, हेही त्याला आठवत होते. मला आठवत नव्हते. ते त्याने ओरडून नाही, नुसते सांगितले. त्या रात्री मी जेवलो नाही.

सगळे काही ठीक झाले, असे लिहिले तर खोटे होईल. नऊ वर्षांत त्याच्या मुलीचे लग्न झाले, त्याला मी नव्हतो. ती मला अजून "काका" म्हणताना अडखळते. कधी कधी बोलता बोलता तो गप्प होतो, आणि मला कळते की त्याला तो वाटणीचा दिवस आठवला. मीही मग गप्प बसतो. पण आता तो साडेआठच्या मिस्सेला येतो. दुसऱ्या बाकावर बसतो, पण शांती द्यायच्या वेळी वळतो.

नकटीचे म्हणाल तर तिचीही विघ्ने संपलेली नाहीत. जानेवारीत भिंतीचा साडेसात फुटांचा तुकडा काढावा लागला, नाहीतर ती फाटकापर्यंत जाणारच नव्हती. फादरांनी ते पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत चमक आली. मी आधीच हात जोडले, म्हटले, फादर, प्रवचनात आमची भिंत घेऊ नका. त्यांनी शब्द पाळला. तिथे सध्या पत्र्याचे दार आहे. कडी दोन्ही बाजूंनी.

कागदांचे काम सुरू आहे. सरकारने २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी वेगळ्या नोंदणीची सोय केली आहे, पण ती दुचाकी आणि प्रवासी मोटारींसाठी. आमची मालवाहू. तेव्हा साध्याच रस्त्याने जायचे. मालकाच्या मृत्यूनंतर नाव बदलण्याचा ३१ नंबरचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, दुसऱ्या वारसाची हरकत नसल्याचे स्टॅम्पपेपरवर प्रतिज्ञापत्र, चेसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप. मग फिटनेस. नाव एकाचेच लागणार. मी त्याचे घाल म्हणतो, तो माझे घाल म्हणतो. भिंत घालताना जेवढे तोंडातून सहज निघाले होते, तेवढे हे निघत नाही. गेल्या शनिवारी चाचा वैतागून म्हणाले, "माझं घाला." प्रतिज्ञापत्रावर मी माझी सही करून ठेवली आहे. ते त्याने अजून पाहिलेले नाही. वाचायची सवय असेल तर इथेच वाचेल.

मागच्या ऑइल सीलमधून थेंब थेंब गळते. सुभेदार म्हणतात, जुन्या जीपचे ऑइल गळायचे थांबले तर समजावे की आत ऑइलच उरले नाही. तिच्याखाली आईच्या वेळचा ॲल्युमिनियमचा ताट ठेवला आहे. भरला की ज्याला दिसेल त्याने उचलून ओतायचा. या आठवड्यात मी दोनदा बघायला गेलो, दोन्ही वेळा तो रिकामा होता.